पार्किंगच्या डांबराचा रेट फुटावर नको, जाडीवर आणि टनावर विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये एकच विषय सुरू होतो, पार्किंगचं आणि आतल्या रस्त्याचं डांबर उखडलंय, करायचं कधी आणि कोणाकडून. मग तीन कोटेशन येतात, एकाचा आकडा दुसऱ्याच्या दीडपट असतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस वाद होतात, कोणीतरी सेक्रेटरीवर कमिशनचा संशय घेतं आणि शेवटी सगळ्यात स्वस्त कोटेशन पास होतं. दोन पावसाळ्यांत खडी परत वर येते. मी रस्त्यांच्या कामावर साईट सांभाळलेला माणूस आहे, आता निवृत्त आहे, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं कारण पैसे लोकांच्या मेंटेनन्सचे असतात. म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठा घोळ एकाच गोष्टीत आहे. कोटेशनमध्ये लिहिलेलं असतं "डांबरीकरण, इतके रुपये चौरस फूट", आणि जाडी कुठेच लिहिलेली नसते. डांबरी माल, म्हणजे खडी आणि डांबराचं गरम मिश्रण, प्लँटवरून टनावर विकत येतो, फुटावर नाही. हिशोब सोपा आहे. शंभर चौरस फुटावर रोलिंग झाल्यानंतर एक इंच जाडी पाहिजे असेल तर साधारण साडेपाचशे किलो माल लागतो. आता दहा हजार चौरस फुटाचं पार्किंग धरा. ४० मिलीमीटर जाडी असेल तर जवळपास ८७ टन माल लागेल, २५ मिलीमीटर असेल तर ५५ टन. हिशोबापुरतं धरू की माल टाकून, रोलर फिरवून टनाला ७ हजार पडतात (खरा रेट त्या वेळचा विचारायचा, हा आकडा फक्त गणितासाठी), तर पहिल्याचे फुटाला ६१ रुपये होतात आणि दुसऱ्याचे साडेअडतीस. म्हणजे दोघांचा टनाचा रेट अगदी तोच आहे, कोणी स्वस्तही नाही आणि कोणी महागही नाही, पण मीटिंगमध्ये पहिला चोर ठरतो आणि दुसऱ्याला काम मिळतं.

आणि २५ लिहून १५च टाकली तर कोणाला कळणार आहे, वरून सगळं काळं कुळकुळीतच दिसतं. म्हणून ऑर्डरमध्ये "रोलिंगनंतरची जाडी" असे शब्द पाहिजेतच. पसरताना माल सैल असतो, ४० मिळवायची तर ५०च्या आसपास पसरावा लागतो, आणि काही जण सैल जाडी दाखवून हीच जाडी म्हणून सही घेतात. प्रत्येक गाडीची काटापावती, म्हणजे वजनकाट्यावरची पावती, घ्या, ती घेताना गाडी नंबर आणि वेळ बघा, सगळ्या पावत्यांची बेरीज करा आणि वरच्या हिशोबाशी ताडून बघा. ८७ टनाला मोठ्या डंपरच्या पाच-सहा गाड्या लागतात, तीनच गाड्या आल्या असतील तर गणित काय सांगतंय ते कुठल्याही मेंबरला कळेल, त्याला इंजिनिअर लागत नाही.

दुसरी गोष्ट क्रूडची, म्हणजे ज्यापासून डांबर निघतं त्या कच्च्या तेलाची. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो साहेब क्रूड वाढलं, रेट वीस टक्के वाढवावा लागेल. डांबराचे भाव तेल कंपन्या दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलतात हे खरं आहे, आणि ते क्रूडबरोबर वरखाली होतात हेही खरं. पण वरच्या थराच्या मालात डांबर वजनाने साधारण साडेपाच टक्केच असतं, बाकी खडी, कच आणि फिलर (दगडाची बारीक पूड). डांबर टनाला ५ हजारांनी वाढलं तर मालाचा टन पावणेतीनशे रुपयांच्या आसपास वाढेल. प्लँटच्या बर्नरचं इंधन आणि गाडीचं डिझेल वेगळं धरा, तरी वीस टक्के कुठून आले हे कागदावर मांडून दाखव असं म्हणायचा मेंबरांना पूर्ण हक्क आहे. बरं, "प्लस जीएसटी" हे बारीक अक्षरात असतं, अठरा टक्के म्हणजे लहान रक्कम नाही, तेव्हा तिन्ही कोटेशन टॅक्स धरूनच शेजारी शेजारी ठेवा.

आता हे जास्त महत्त्वाचं आहे. खर्च किती येणार हे वरच्या थरावर कमी आणि खाली काय आहे त्यावर जास्त ठरतं. डांबर नुसतं करडं पडलंय, कडक झालंय, एखाद-दुसरी लांब भेग आहे, तर भेगा भरून वरून एक थर टाकला की भागतं. पण जाळीसारख्या भेगा पडल्यात, पावसात त्यातून मातकट पाणी वर येतंय, गाडी गेली की जागा दबते, तर खालचा खडीचा थर मेलेला आहे. तिथे कितीही चांगलं कार्पेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, टाका, खालच्या भेगा वर येणारच. तेवढा पॅच खोदून, खराब मुरूम काढून, खडी भरून दाबून मगच वर जायचं, आणि या खोदाईचा रेट कोटेशनमध्ये वेगळा पाहिजे, नाहीतर काम अर्ध्यावर आल्यावर "एक्स्ट्रा आयटम" म्हणून तोच डोक्यावर बसतो. आधी सगळ्या पार्किंगमध्ये फिरून असे पॅच खडूने आखा, मोजा, आणि तीच मापं तिघांना द्या. तिघांना वेगवेगळं काम सांगून रेट मागवले तर तुलना करायची कशाची?

पाण्याचंही तसंच. डांबराचा खरा शत्रू गाडी नाही, साचलेलं पाणी आहे. ते थरात शिरतं आणि खडीवरचं डांबराचं आवरण सोडवतं, मग खडी सुटी होते. पन्नास फुटाला फूटभर तरी उतार पाणी जायच्या जाळीकडे पाहिजे. पण कोटेशनमध्ये उताराचा उल्लेख मी फारच कमी वेळा बघितलाय, आणि जुन्यावरच नवा थर चढवत गेलं तर दर वेळी लेव्हल वर येते, चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात, लिफ्टच्या लॉबीकडे पाणी वळतं. अशा ठिकाणी जुना थर मिलिंग मशीनने खरवडून काढावा लागतो, चेंबर उचलावे लागतात, दोन्हीचे पैसे पडतात आणि ते पडायलाच पाहिजेत. टॅक कोट, म्हणजे जुन्या आणि नव्या थराला चिकटवणारं इमल्शन, त्याचाही पैसा वाचवू नका, धुळीवर माल टाकला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो.

ज्यांचं पार्किंग पोडियमवर आहे, खाली बेसमेंट आहे, त्यांना हात जोडून सांगणं आहे की स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही थर वाढवू नका. ४० मिलीमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला ९० किलोच्या वर वजन, ते कायमचं स्लॅबवर बसतं, आणि व्हायब्रेटिंग रोलर तिथे चालवायचाच नाही. शिवाय स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आधी झालं पाहिजे, वर डांबर पडल्यावर गळती शोधणं फार अवघड जातं.

लहान सोसायटीला रेट जास्त पडतो त्यात दर वेळी लबाडी नसते. रोलर, पेव्हर (माल पसरायचं मशीन), माणसं आणायचा खर्च दोन हजार फुटाला आणि वीस हजार फुटाला जवळपास तेवढाच येतो. यावर उपाय म्हणजे गल्लीतल्या तीन-चार सोसायट्यांनी मिळून एकाच वेळी काम काढणं. पण "मेन रोडचं काम चालू आहे, माल उरलाय, निम्म्या रेटात टाकून देतो" म्हणणारा कोणी गेटवर आला तर त्याला परत पाठवा. नेहमीचा व्हीजी-३० (डांबराची एक प्रत) डांबराचा माल पसरताना १४० अंशांच्या आसपास गरम लागतो आणि रोलिंग ९० अंशांच्या खाली जायच्या आत संपवावं लागतं, उरलेला गार माल दाबलाच जात नाही. आणि तो माल मुळात कोणाच्या पैशाचा हाही प्रश्न आहेच.

वेळेचं बघा. आपल्याकडे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तिथे ठराव करून नोव्हेंबर ते जानेवारीत काम केलं तर कॉन्ट्रॅक्टर मोकळा असतो, पार्किंग टप्प्याटप्प्याने रिकामं करता येतं. आपण जागे होतो मे महिन्यात, तेव्हा सरकारी कामांची घाई असते, आपलं छोटं काम शेवटी रात्री टॉर्चच्या उजेडात उरकलं जातं. रिपेअर फंड वर्षभर गोळा होतो (बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी, असं आदर्श उपविधीत आहे), तो नुसता एफडीत ठेवण्यापेक्षा भेगा वेळेवर भरायला वापरला तर पूर्ण थराचा खर्च काही वर्षं पुढे जातो. आणि गॅसची लाईन, केबल, पाण्याची लाईन जे काही खोदायचं असेल ते आधी. नव्या डांबरावर महिन्याभरात चर मारलेला बघितला की जीव तुटतो.

पेव्हर ब्लॉक की डांबर हा वाद वेगळा आहे, जिथे सारखं खोदावं लागतं किंवा गाड्यांचं ऑइल गळतं तिथे ब्लॉक बरे, कारण ऑइल-डिझेलने डांबर मऊ पडतं. पण त्यातही खालचा बेस नीट नसेल तर ब्लॉक खचतातच.

पैसे देताना पाच-दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा आणि तसं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. शेवटचं बिल द्यायच्या आधी दोन-तीन ठिकाणी कोअर, म्हणजे थर आरपार कापून गोल तुकडा, काढून जाडी मोजा, तेही कोपऱ्यांत आणि भिंतीलगत, कारण मोठा रोलर तिथे पोचत नाही आणि पहिलं तिथलंच निघतं. ही भोकं लगेच बुजवून घ्यायची.

संपादक महोदय, माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची सगळ्यांसाठी खुली असते, पण ती सामान्य माणसाला वाचता येत नाही, आयटमची नावंच कळत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या पानावर दर दिवाळीनंतर त्यातले डांबरी कामाचे चार-पाच मुख्य दर, टॅक कोट, वरचा थर, खड्डे खोदून भरणे, मिलिंग, हे जाडी आणि एककासकट सोप्या मराठीत छापा. सोबत १ आणि १६ तारखेचे डांबराचे भाव दिलेत तर कमिटीला आणि मेंबरांना दोघांनाही कागदावर बोट ठेवून बोलता येईल.

आपला,
एक निवृत्त साईट इंजिनिअर, सिंहगड रोड, पुणे