झाड जागेवर आढळले नाही

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला शिकारी पक्ष्यांवरचा लेख वाचला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. नागालँडमधे दोयांगला २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यात धरून हजारोंनी मारले, मग गावकऱ्यांनीच ते थांबवलं, २०१३ ला तिघांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावले, नागा, वोखा आणि पांगती अशी नावं ठेवली, आणि ते अख्खा अरबी समुद्र न थांबता ओलांडून सोमालियाला पोचले. वाचून मलाही बरं वाटलं. पण त्याच पानावर खाली 'गोव्याचा समुद्र गरुड' म्हणून जो फोटो टाकलाय ती भगवी घार आहे हो! मालीम जेटीवर ट्रॉलर लागला की वर घिरट्या घालतात त्यातली एक. तुमचं ऑफिस पणजीत ना? समुद्र गरुड, आमच्याकडे काकण म्हणतात, त्याची पाठ राखाडी असते, पोट पांढरं शुभ्र, पंख उघडले तर दोन मीटर भरतात. घारीची पाठ विटकरी. लहान पोरालाही कळेल.

हे एवढ्यासाठी लिहितोय कारण काकणाचं घरटं आमच्या दारात होतं. होतं म्हणजे आता नाही. आम्ही काणकोणकडचे, शेजारच्या भाटात, म्हणजे बागायतीत, जुना आंबा होता, त्याच्या शेंड्याजवळ हे भलंमोठं काटक्यांचं घरटं, माझ्या आज्जीच्या वेळेपासूनचं. काकण दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचतो. आज्जी त्यांना शिव्या घालायची कारण अंगणात मिरच्या वाळत घातल्या की वरून काहीतरी पडायचंच, एकदा अर्धा खाल्लेला दर्यातला साप पडला, शेपटी वल्ह्यासारखी चपटी, आज्जीनं तो काठीवर धरून वाडाभर दाखवत नेला. झाडाला मात्र कधी कोणाला हात लावू दिला नाही तिनं.

दोन वर्षांपूर्वी भाट विकलं गेलं. नव्या मालकाला बाल्कनीतून दर्या दिसायला हवा, मधे आंबा. झाडाला खुणा करताना बघितल्यावर मी एका सरकारी हापिसात फोन केला. घरट्यात पिल्लू आहे म्हटलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हा पक्षी शेड्युल एकमधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहे म्हटलं. पलीकडून उत्तर, अर्ज करा, सर्वे नंबर लिहा, घरट्याचा तारखेसकट फोटो जोडा आणि पक्ष्याचं शास्त्रीय नाव लिहा. आता माझ्या फोनचा कॅमेरा म्हणजे धुकं. पुतण्याला मडगावाहून बोलावलं, फोटो काढला, अर्ज दिला, शिक्का मारून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेर, पाववाला, येऊन गेला आणि पाठोपाठ करवतीचं मशीन सुरू झालं.

आंबा पडल्यावर मी भाटात गेलो. घरट्याच्या काटक्या दोन रिक्षा भरतील एवढ्या, आणि वरच्या थरात आंब्याची ताजी हिरवी पानं पसरलेली, एक-दोन दिवसांपूर्वीच आणून घातलेली असणार. पिल्लू तपकिरी, कोंबड्याएवढं, संध्याकाळपर्यंत जिवंत होतं. आईबाप चार दिवस माडांवर बसून ओरडत होते. सहा आठवड्यांनी माझ्या अर्जाला उत्तर आलं, 'सदर झाड जागेवर आढळले नाही'. पत्र जपून ठेवलंय, छापायचं असेल तर पाठवतो.

तसं झाडांच्या बाबतीत आपलं राज्य पहिल्यापासून हुशारच, २०१६ ला माडाला झाडांच्या कायद्यातून बाहेर काढलं, लोकांनी बोंब मारल्यावर २०१७ ला परत आत घेतलं. तिथे आंब्यावरच्या पक्ष्याला कोण विचारतो. पण काकण तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो म्हटल्यावर त्यांची यादी करायला सॅटेलाइट लागत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी कोकण किनाऱ्यावर फिरून फिरून ही घरटी शोधलीत. इथे तर नुसतं पाडेल्यांना विचारलं तरी पुरे, माडावर चढणाऱ्याला आजूबाजूच्या झाडांवर काय आहे ते सगळं दिसतं. आमच्या किनाऱ्यावर पोळेपासून काबो दि रामपर्यंत कुणी विचारलंय का त्यांना? आमच्याकडे तरी कोणी आलेलं नाही. सोमालियाचं कळलं, आनंद आहे.

फोटोची दुरुस्ती छापाल तेव्हा तेवढ्याच साइझमधे छापा, कोपऱ्यात चार ओळी नकोत.

आणि लिहितोच आहे तर, शब्दकोड्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी छापायची सोडून हल्ली तो क्यूआर कोड का देता? माझ्या कॅमेऱ्याचं वर सांगितलंच आहे.

आपला एक जुना वाचक,
काणकोण