बॅनर लावायची घाई कशाला?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. माझी पुतणी सिस्टर, म्हणजे चर्चची नन, व्हायला गेली होती, आधी कॅन्डिडेट म्हणजे उमेदवार म्हणून राहिली, मग नोव्हिसिएटमध्ये, म्हणजे व्रतं घ्यायच्या आधीच्या ट्रेनिंगमध्ये, गेली आणि दहाव्या महिन्यात घरी परत आली. बसमधनं उतरली तेव्हा हातात तीच पत्र्याची पेटी होती, जाताना आम्ही घेऊन दिलेली. घरात शिरायच्या आधीच समोरच्या कट्ट्यावरनं आवाज आला, "काय गं, पळून आलीस काय?" पोरगी काहीच बोलली नाही, पेटी ओसरीवर ठेवली आणि पाय धुवायला मागं गेली.

पळून आली म्हणजे काय हो? नोव्हिसिएट असतं कशाला, तर आपल्याला हे आयुष्य झेपणार का ते बघायलाच ना! कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, हे सगळं लिहिलेलं आहे, वयाची 17 वर्षं पुरी पाहिजेत, नोव्हिसिएट निदान 12 महिन्यांचं, या काळात मुलगी स्वतःच्या मर्जीनं कधीही निघू शकते आणि संस्थेला वाटलं तर तीही घरी पाठवू शकते. व्रतं अजून घेतलेलीच नसतात तर मोडली कुठनं? आणि पुढं जी पहिली व्रतं घेतात तीसुद्धा कायमची नसतात, 3 ते 6 वर्षांचीच असतात, कायमची त्याच्यानंतर.

आमच्या जिल्ह्यातल्या जैन समाजात पण बघा, ब्रह्मचारी, क्षुल्लक, ऐलक आणि मग मुनी, अशा साधू होण्याच्या पायऱ्या आहेत. भोजचे आचार्य शांतिसागर महाराज 1872 चा जन्म, मुनीदीक्षा 1920 साली, म्हणजे पन्नाशीला आले होते. एवढ्या मोठ्या माणसानं घाई केली नाही आणि आपण विशीतल्या पोरीकडनं पहिल्याच दिवशी शेवटचा शब्द मागतो.

खरी चूक आमचीच झाली, ती गेली तेव्हाच. चर्चमधली मिस्सा म्हणजे उपासना झाल्यावर शाल घातली, गावजेवण केलं, वेशीवर तिच्या फोटोचा हा मोठा डिजिटल बॅनर लावला, वर्गणीत मी पण होतो. परवा भाकऱ्या करता करता ती वहिनीला म्हणाली, तिसऱ्या महिन्यातच मला कळलं होतं गं आई, पण तो बॅनर डोळ्यासमोर यायचा. म्हणजे सात महिने पोरगी नुसती आमच्या भीतीनं तिथं राहिली! त्या सिस्टरनी तिला एका शब्दानं अडवलं नव्हतं, उलट निघताना जवळ घेऊन प्रार्थना केली.

म्हणून सगळ्या चर्चच्या कमिट्यांना आणि घरच्या लोकांना हात जोडून विनंती आहे, पोरं-पोरी ट्रेनिंगला जाताना प्रार्थना करा, घरात गोडधोड करा आणि सोडून या. शाल, बॅनर, जेवण जे काय करायचं ते कायमच्या व्रतांच्या वेळी करा.

तो बॅनर आमच्या मागच्या पडवीत जळणावर झाकलेला होता, फोटो वरच्या अंगाला. काल पावसात जाऊन मी तो काढून आणला.

– एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव