पक्ष काढा, पण बूथवर कोण बसणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरदार मध्यमवर्गाचा नवा पक्ष निघतोय, त्याच्या बैठकीला गेल्या रविवारी गेलो होतो. हॉल भरलेला. उद्दिष्टं वाचून झाली, इन्कम टॅक्स कमी करा, 80सीची (बचत-गुंतवणुकीवरच्या करसवलतीची) दीड लाखाची मर्यादा 2014 पासून तिथंच अडकलीय ती वाढवा वगैरे, टाळ्याही जोरात पडल्या (नव्या टॅक्स रिजीममध्ये गेलेल्यांना 80सी लागूच नाही हे कुणी बोललं नाही). मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, मतदानाच्या दिवशी बूथवर पक्षाचा पोलिंग एजंट म्हणून कोण कोण बसणार, हात वर करा. झालं, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये.

खरी गोम इथंच आहे. पक्ष नोंदवणं त्यामानानं सोपं, 10 हजार रुपये फी, किमान 100 मतदार सदस्यांची प्रतिज्ञापत्रं, आणि स्थापनेपासून 30 दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज. पण पहाटे साडेपाचला मॉक पोलला (मतदानाआधीच्या यंत्राच्या चाचणीला) हजर राहायचं, मग दिवसभर बाकड्यावर बसून मतदारयादीवर खुणा करायच्या, संध्याकाळी 17-सी फॉर्मची (बूथवर पडलेल्या मतांच्या हिशेबाची) प्रत हातात घेऊनच निघायचं, हे करायला माणूस लागतो आणि आपल्याला तर मतदानाच्या सुट्टीला जोडून बाहेरगावी जायचं असतं!

राजाजींच्या (सी. राजगोपालाचारी) ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाचे 1967 साली लोकसभेत 44 खासदार होते (तो निव्वळ मध्यमवर्गाचा नव्हता म्हणा, संस्थानिक नि जमीनदारही होते त्यात), 1974 ला तो विलीन होऊन संपला. उलट आम आदमी पार्टी नोव्हेंबर 2012 मध्ये निघाली आणि वर्षभरात दिल्लीत 28 जागा, कारण वीजबिल नि पाणी घेऊन पोरं गल्लीगल्लीत फिरली. पुढं त्यांचं काय झालं तो वेगळा विषय.

म्हणून म्हणतो, लोकसभेची भाषा सोडा, आधी प्रभाग घ्या. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत 2022 ला संपली, त्यानंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होता, तेव्हा आपल्यातलं कोण रस्त्यावर आलं? टॅक्सवर मात्र तासभर बोलतो आपण.

त्या बाईंनी शेवटी एक वही फिरवली, बूथवर बसायला तयार असलेल्यांनी नाव लिहा म्हणून. मी लिहिलं. माझ्याआधी दोनच नावं होती, त्यातलं एक त्यांचंच.

– एक वाचक