क्षमता वाढवा, पण कुंडात दाटी नको

महोदय,

अणुवीज केंद्रातल्या वापरलेल्या इंधनाची साठवण क्षमता वाढवायची असा विषय निघाला, की चर्चा लगेच ‘अणुऊर्जा हवी की नको’ यावर घसरते. क्षमता वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी विचारत नाही.

भट्टीतून काढलेल्या इंधनातून किरणोत्सारामुळे उष्णता निघतच राहते, म्हणून ते सुमारे १२ मीटर खोल पाण्याच्या कुंडात ठेवतात. काही वर्षांनी ते दुसरीकडे हलेल, या हिशेबाने ही कुंडे बांधली गेली. अनेक ठिकाणी ते हललेच नाही. अमेरिकी सरकारने तर १९९८ पासून हे इंधन ताब्यात घ्यायचे कायद्याने ठरले होते. आजही ते केंद्रांच्या आवारातच पडून आहे. मग स्वस्तातली वाट निघाली: त्याच कुंडात इंधन ठेवायचे रॅक जवळजवळ बसवायचे आणि साखळी प्रक्रिया सुरू होऊ नये म्हणून मध्ये न्यूट्रॉन शोषणारे बोरॉनयुक्त पत्रे घालायचे. कागदावर क्षमता वाढली खरी, पण ‘बोराफ्लेक्स’ नावाचे असे पत्रे किरणांच्या माऱ्याने आक्रसले, त्यांत फटी पडल्या. शिवाय एवढ्या दाटीत पाणी कधी आटलेच, तर हवा खेळायलाही जागा उरत नाही.

मार्च २०११ मध्ये त्सुनामीमुळे जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा तिथल्या चौथ्या भट्टीत इंधन नव्हतेच. ते सगळे वर कुंडात होते, जुने-नवे मिळून इंधनकांड्यांचे १,५३५ जुडगे. कुंडात पाणी उरले आहे की नाही, या धास्तीत कित्येक दिवस गेले. (पाणी होते, हे नंतर कळले.) त्याच आवारात वापरलेले इंधन पाण्याविना ठेवायची नऊ कोरडी पिंपे, म्हणजे ड्राय कास्क होते. त्सुनामीचे पाणी त्यांच्या इमारतीत घुसले, तरी आतले इंधन शाबूत राहिले. या पिंपांना थंड राहायला ना पंप लागतो ना वीज.

पिंपे महाग पडतात, हे मान्य. भट्टीतून नुकतेच काढलेले इंधन त्यांत भरताही येत नाही. आधी काही वर्षे पाण्यात निववावे लागते. म्हणून कुंड हवेच, पण ते निववण्यापुरते. वाढीव क्षमतेला परवानगी देताना कोणत्या वर्षीचे इंधन कधी कुंडाबाहेर काढणार, याचे वेळापत्रक नियामकाने आधी मागावे आणि पत्र्यांच्या तपासणीचे अहवाल केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना वाचायला खुले ठेवावेत.

– एक वाचक