सिपिओच्या चित्रातली ती मुलगी

ऑक्सफर्ड
१९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू बजावलंस की एखादं चित्र बघितलंस तर ‘छान होतं’ एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस, नीट लिहून कळव. म्हणून हे पत्र. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर मोबाईलवर फार वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय ना, तेव्हा कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिते आहे. आईलाही वाचून दाखव. बाबा मध्ये मध्ये टोकतील, त्यांना टोकू दे.

इथे क्राइस्ट चर्च म्हणून एक कॉलेज आहे आणि त्याची स्वतःची चित्रशाळा आहे. कॉलेजच्या मानाने संग्रह फारच श्रीमंत. जॉन गाइज नावाचा एक लष्करी जनरल १७६५ साली वारला, जाताना आपली सगळी चित्रं आपल्या जुन्या कॉलेजला देऊन गेला. मार्च २०२० मध्ये तिथून तीन चित्रं चोरीला गेली. त्यातलं एक फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकने काढलेलं घोडेस्वाराचं. मी बघायला गेले ते त्याच व्हॅन डाइकचं दुसरं, मागे राहिलेलं. ते उचलायचं तर चोरांना टेम्पोच लावावा लागला असता. सव्वादोन मीटरहून जास्त रुंद आहे. १६२०-२१ च्या हिवाळ्यात व्हॅन डाइक पहिल्यांदा लंडनला आला होता, तेव्हाचं हे काम. वय एकवीस!

विषय सिपिओ. आफ्रिकेतल्या झामाच्या लढाईत रोमच्या वैऱ्याला, कार्थेजच्या हॅनिबलला हरवणारा रोमन सेनापती, ज्याला पुढे ‘आफ्रिकानस’ म्हणू लागले. इटलीच्या राष्ट्रगीतात आजही त्याचं शिरस्त्राण आहे. पण चित्रकारांनी त्याची लढाई जेवढी रंगवली नाही तेवढा एक प्रसंग रंगवला. इ.स.पू. २०९ मध्ये त्याने स्पेनमधलं कार्थेजचं ठाणं, म्हणजे आजचं कार्ताखेना, जिंकलं. तेव्हा तो पंचविशीचा. शिपायांनी लुटीतली एक अतिशय सुंदर मुलगी त्याच्यापुढे आणून उभी केली. तिचं लग्न ठरलेलं आहे असं त्याला कळलं. त्याने तिच्या आईवडिलांना आणि नियोजित वराला बोलावून घेतलं आणि तिला जशी आणली तशी परत केली. आईवडील सोडवणुकीसाठी सोनं घेऊन आले होते. तेही त्याने ठेवून घेतलं नाही, उचलून त्या नवऱ्या मुलालाच आहेर म्हणून दिलं.

पुढचं न वाचताच तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. कल्याणच्या सुभेदाराची सून! मलाही त्या दालनात पहिल्यांदा तेच आठवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तू तो प्रवेश बसवला होतास आणि सुनेचं काम मला दिलं होतंस. तुझा जांभळा शालू, डोक्यावरून ओढणी, मान खाली. महाराजांच्या तोंडी भाषण, आबाजींच्या तोंडी भाषण, दोन मावळ्यांनासुद्धा एकेक वाक्य, आणि मला काहीच नाही. मी तुला विचारलं होतं, मी काय बोलू? तू म्हणालीस, “तू नुसती उभी राहा, सगळे तुझ्याकडेच बघतील.” बघत होते खरे, पण महाराज काय बोलतात ते ऐकण्यासाठी.

तर व्हॅन डाइककडे येते. सेनापती उच्चासनावर, समोर ते जोडपं, सोन्याची भांडी वाहून आणणारी माणसं. आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, कथेशी काडीचा संबंध नसलेला, कोरीव संगमरवराचा एक तुकडा. त्यावर गॉर्गन राक्षसिणींची मुंडकी. हा तुकडा कल्पनेतला नाही. लंडनच्या स्ट्रँड भागात जुन्या सरदारवाड्याच्या जागी १९७० च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा तो खरोखर सापडला. म्हणजे पोराने कुणाच्या तरी संग्रहातला दगड समोर ठेवून काढला होता. तुझ्यासारखं, पडद्यावर किल्ला रंगवताना अंगणातला पाटा समोर ठेवून दगडाचा पोत काढायचीस.

या चित्रामागे दरबारातलं एक प्रकरण असावं असं अभ्यासक मानतात. राजा पहिला जेम्स, त्याचा लाडका बकिंगहॅम. १६२० च्या मे महिन्यात बकिंगहॅमचं कॅथरिन मॅनर्सशी लग्न झालं. मुलीच्या बापाचा आधी विरोध होता. मग ती एक रात्र बकिंगहॅमकडे राहिली, म्हणून बापाने तिला घरात घ्यायला नकार दिला आणि मग लग्न लागलं. तेव्हा चित्रातला उदार सेनापती म्हणजे राजा, नवरामुलगा म्हणजे बकिंगहॅम आणि ती मुलगी म्हणजे कॅथरिन, असा अर्थ लावतात. तसं असेल तर त्या मुलीला निदान एकदा तरी कुणाचा तरी खरा चेहरा मिळाला म्हणायचा.

कारण मूळ कथेत तिला नाव नाही. नवऱ्यामुलाला आहे, अल्युसियस, केल्टिबेरियन लोकांचा तरुण सरदार. हे लिव्ही या रोमन इतिहासकाराने दिलेलं. त्या अल्युसियसने उपकाराची फेड म्हणून १४०० निवडक घोडेस्वार आणून सिपिओच्या सैन्यात दाखल केले, असंही तो लिहितो. घोडे मोजून सांगतो, पण मुलगी फक्त ‘मुलगी’.

लिव्हीच्या आधी पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने हीच हकिकत लिहिली आहे आणि ती मला जास्त पटते. तो सिपिओच्या घराण्याच्या जवळचा माणूस, तरी आडपडदा न ठेवता सांगतो की सिपिओला बायकांचा शौक होता आणि शिपायांना ते माहीत होतं, म्हणूनच त्यांनी मुलगी आणली. त्यावर सिपिओचं उत्तर साधारण असं: मी साधा माणूस असतो तर याहून आवडीची भेट नव्हती, पण सेनापती म्हणून याहून नको असलेली दुसरी नाही. तिथे नवरामुलगा नाही, सोनं नाही. त्याने तिला बापाच्या हवाली केलं, बस्स. बाकीचा सगळा साज नंतरचा. आणि गंमत म्हणजे ऑलस गेलियस नावाचा रोमन लेखक नोंदवून ठेवतो की व्हालेरियस अँटियास या जुन्या इतिहासकाराच्या मते सिपिओने तिला परत दिलंच नाही, स्वतःजवळ ठेवून घेतलं. या पाठभेदावरचं चित्र मला अजून कुठे दिसलेलं नाही. कोण काढून घेणार? पैसे मोजणारे सगळे राजे आणि सेनापतीच.

खरंच, गिऱ्हाइकांची यादीच बघ. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये मुलीच्या लग्नात रुखवताचे मोठे लाकडी पेटारे द्यायचे, त्यांच्या फळ्यांवर हा प्रसंग रंगवत. सासरी निघालेल्या मुलीने पेटारा उघडताना रोज तो बघायचा. बोध कुणासाठी होता, नवऱ्यासाठी की तिच्यासाठी, ते तूच ठरव. मग फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस. त्याने जुलिओ रोमानोच्या आराखड्यांवरून ब्रुसेल्समध्ये सिपिओच्या पराक्रमाचे भिंतीवर टांगायचे बावीस प्रचंड पडदे विणून घेतले, सोन्याचांदीच्या जरीचे. राज्यक्रांतीनंतर १७९७ साली सरकारने ते जाळले आणि राखेतून धातू काढून घेतला. जुन्या पैठण्या जरीसाठी जाळतात ना, तसंच. पूसँने १६४० मध्ये हाच प्रसंग काढला. त्यात सेनापती सिंहासनावर, मागून एक स्त्री त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट धरते आहे, आणि अल्युसियस समोर वाकलेला. ते चित्र इंग्लंडच्या वॉलपोल घराण्याकडून रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीने विकत घेतलं, आता मॉस्कोत आहे. रेनॉल्ड्सने १७८९ मध्ये काढलं ते रशियाच्या पोटेमकिनसाठी, म्हणजे पुन्हा सेनापतीच. ते सेंट पीटर्सबर्गमध्ये. मिलानच्या एका वाड्यात तिएपोलोने १७३१ साली सिपिओची भित्तिचित्रं केली. ही सगळी मी छापील पुस्तकांतच बघितली आहेत, त्यामुळे रंगांबद्दल बोलत नाही. छापील रंगांवर विश्वास ठेवायचा नाही हे तूच शिकवलंयस.

आता चेहऱ्याची गोष्ट, ही तुला फार आवडेल. सिपिओ दिसायचा कसा? लिव्ही म्हणतो, लांब केस होते, आणि त्या रूपाने माणसं दिपून जायची. पण कितीतरी वर्षं युरोपभर ‘सिपिओ’ म्हणून जी डोकी दाखवली जात होती ती तुळतुळीत तासलेली, टाळूवर व्रणाची खूण असलेली. सेनापती म्हटला की जखम हवी, मग तो सिपिओच, असा हिशोब. आज त्यातली बरीचशी डोकी इसिस देवीच्या पुजाऱ्यांची मानतात. ते डोकं भादरत. पुजाऱ्याच्या डोक्यावर सेनापतीचं नाव, आणि सेनापती बसला वाट बघत!

त्याहून भारी प्रकार चांदीच्या ताटाचा. १६५६ साली आव्हीन्यॉंजवळ ऱ्होन नदीत कोळ्यांना चांदीची एक भलीमोठी थाळी सापडली, वजन दहा किलोच्या आसपास. मधोमध बसलेला तरुण वीर, भोवती माणसं, एक स्त्री. लगेच नाव पडलं, ‘सिपिओची ढाल’. मुलगी परत करण्याचा प्रसंग आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं. निघाली चौथ्या शतकातली थाळी, आणि चित्र ट्रॉयच्या युद्धातलं: अकिलीज आणि त्याची बंदी ब्रिसेइस. तीही लुटीत मिळालेली, एकाकडून दुसऱ्याकडे दिली-घेतलेली. ती थाळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि अजून कित्येकजण तिला जुन्याच नावाने ओळखतात.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेले तेव्हा आणखी दोन गोष्टी बघितल्या. एक राफाएलचं अगदी चिमुकलं चित्र, वीतभरसुद्धा नाही, सतरा सेंटिमीटर. झाडाखाली एक तरुण योद्धा झोपला आहे, एका बाजूला पुस्तक आणि तलवार घेतलेली स्त्री, दुसऱ्या बाजूला फूल पुढे करणारी. तो स्वप्नातला सिपिओ असावा असं मानतात. इतक्या जवळ जाऊन बघावं लागतं की पहारेकरी खाकरला.

दुसरं मांतेन्याचं, कांस्याच्या मूर्तीचा आभास होईल असं रंगवलेलं. एक स्त्री पेला तोंडाशी नेते आहे. ती सोफोनिस्बा असं म्हणतात, कार्थेजच्या सेनापतीची मुलगी. इ.स.पू. २०३ मध्ये तिचा नवरा हरला. रोमचा मित्र असलेल्या मासिनिसा राजाने तिला पकडलं आणि त्याच दिवशी तिच्याशी लग्न केलं. सिपिओने त्याला सुनावलं की ती रोमची बंदी आहे, तुझी बायको नव्हे. मासिनिसाला तिला वाचवता येईना, म्हणून त्याने विष पाठवलं आणि ती प्यायली. हाच तो सिपिओ, आत्या, त्या उदार प्रसंगानंतर सहाच वर्षांनी. दोन्ही प्रसंगी हिशोब एकच होता: मित्र राखायचे. पहिल्या वेळी मुलगी परत देऊन अल्युसियसचे घोडेस्वार मिळाले, दुसऱ्या वेळी मुलगी मागून मासिनिसा ताब्यात राहिला. मी त्याला खलपुरुष म्हणत नाहीये. लुटीचा सर्रास हक्क असलेल्या काळात त्याने एका मुलीला घरी पाठवलं, हे मोठंच आहे. पण त्याच्या मोठेपणाची चित्रं बघताना आता माझी नजर आधी तिच्याकडे जाते.

आपल्याकडच्या गोष्टीबद्दल बाबा लगेच म्हणतील, तो प्रसंग समकालीन कागदांत सापडत नाही, नंतरच्या बखरींतून आलाय. असेल. तरी स्त्रियांच्या बाबतीत महाराजांचा वचक होता हे तर शत्रुपक्षाच्या खाफीखानानेही लिहून ठेवलंय, तेव्हा गोष्ट हवेतून आलेली नाही. पण कॅलेंडरवर, धड्यात, नाटकात ती बाई कायम ‘सुभेदाराची सून’च. अलीकडे कुठेकुठे तिला एखादं नाव चिकटवलेलं दिसतं, ते बहुधा आपणच दिलेलं. लग्न, सासर, सासऱ्याचा हुद्दा एवढीच ओळख. घरी पोचल्यावर तिला काय विचारलं गेलं असेल? कॅथरिनच्या बापाने तर एका रात्रीपायी दार लावून घेतलं होतं.

तू आता निवांत आहेस, शाळा नाही, परीक्षेचे पेपर नाहीत. हा प्रसंग एकदा काढ ना. महाराज पाठमोरे काढलेस तरी चालतील.

बाकी ठीक. थंडी मरणाची, साडेचारला अंधार. प्रयोगशाळेतलं काम उन्हाळ्यापर्यंत संपेल असं वाटतंय, मग जूनमध्ये येईन. तुला सेबलचे ब्रश हवे होते ते कोणत्या नंबरचे, आणि गोल की चपटे, ते नक्की कळव. इथे एकेक ब्रश सोन्याच्या भावाने आहे, चुकीचा आणून परवडणार नाही. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. आजीला, आई-बाबांना नमस्कार, चिंट्याला आशीर्वाद आणि अभ्यासाची आठवण.

तुझी,
मुक्ता