गणपतीत नकला मांडा, अस्सल कागद दसऱ्यानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी भागात देखाव्याच्या जोडीला जुन्या वस्तूंची प्रदर्शने भरतात. मोडी कागद, तलवारी-कट्यारी, नाणी, शहापुरी साड्या, 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाची छायाचित्रे, तांब्या-पितळेची भांडी घराघरांतून विश्वासाने आणली जातात. त्यातली काही परत जाताना आली होती तशी राहिलेली नसतात. जुने कागद आणि वस्तू जपण्याचे काम करणाऱ्या आमची म्हणून मंडळांना एक कळकळीची विनंती आहे. भाद्रपदात अस्सल कागद आणि कापड बाहेर काढू नका. त्यांच्या उत्तम नकला मांडा आणि अस्सल वस्तूंचे प्रदर्शन दसरा ते होळी या काळात भरवा.

कारण आपल्या हवेत आहे. घाट चढून आलेला पाऊस जांबोटी-कणकुंबीकडून शहरापर्यंत येतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 85 टक्क्यांच्या वर राहते. कागदाला आणि कापडाला बुरशी धरायला 65 ते 70 टक्के पुरतात. त्यात मंडपाखालची जमीन ओली, येणाऱ्यांच्या छत्र्या गळत असलेल्या. काचपेटीत वस्तू सुरक्षित आहे असे वाटते, पण सकाळी पेटी बंद करताना आतली हवा दमटच असते. दिवसभर दिव्यांनी पेटी तापते, रात्री गार पडते आणि काचेच्या आतल्या बाजूला थेंब धरतात. खालचा कागद सादळतो. मोडीची काजळीची शाई उजेडाला दाद देत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते, त्यामुळे ओल लागली की अक्षर पसरते. एकदा पसरलेले अक्षर कोणत्याही उपायाने परत येत नाही.

या बाबतीत शेजारच्या किनाऱ्याकडे पाहावे. गोव्यात पावसाळ्यातले सण पाण्यात भिजण्यासाठीच आहेत. 24 जूनच्या सांजावला फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात, आषाढात माशेलला देवकी-कृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला होतो, ऑगस्टअखेर दिवाडी बेटावर बोंदेरां उत्सवाचे बावटे नाचतात. यातले काहीही भिजले तरी बिघडत नाही. पणजीचा 2016 पासूनचा सेरेंडिपिटी कला महोत्सव मात्र डिसेंबरात असतो. चोर्ला घाटातून इथले अनेकजण तो पाहायला जातात. तिथून मांडणीच्या कल्पना आणतो, तशीच महिन्याची निवडही आणावी.

पावसाबरोबर दुसरा घात उजेड करतो, आणि तो मोजता येतो. कागद, कापड, जलरंग आणि जुनी छायाचित्रे यांच्यासाठी संग्रहालये 50 लक्स (लक्स हे उजेड मोजायचे एकक) ही मर्यादा धरतात. मंडपातल्या हॅलोजनखाली 2,000 लक्स सहज भरतात. रोज 14 तास, 11 दिवस, म्हणजे 3,08,000 लक्स-तास. 50 लक्समध्ये रोज आठ तास ठेवलेल्या कागदाला दिवसाला 400 लक्स-तास मिळतात. म्हणजे संग्रहालयात 770 दिवसांत पोचणारा उजेड आपण अकरा दिवसांत ओततो. उजेडाने झालेली हानी साठत जाते, वस्तू अंधारात ठेवून ती भरून निघत नाही. ब्रिटिश काळातल्या स्टँपपेपरवरची जांभळी शाई आणि हळदीचा किंवा कुसुंब्याचा रंग असलेले कापड यात सर्वांत आधी विटते. मोबाईलमध्ये लक्स मोजणारे अ‍ॅप मिळते. ते अचूक नसते, पण 50 आणि 2,000 यांतला फरक दाखवायला पुरेसे आहे.

नकल म्हणजे झेरॉक्स नव्हे. कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी 45 अंशांवर सारखे दिवे लावा, फ्लॅश बंद ठेवा, कडेला मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्या. मूळ आकारात छापायचे तर 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके हवेत. चमकदार कागदावर दिव्यांचे प्रतिबिंब पडून अक्षर दिसत नाही, म्हणून मॅट कागद घ्या. मोडीपत्राची नकल मूळच्या दुप्पट मोठी करा आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर लावा. गर्दीत चार फुटांवरूनही ते वाचता येते, जे अस्सल कागदाच्या बाबतीत कधीच होत नाही. ज्या घराने कागद दिला त्यांना एक छापील प्रत आणि फाईल द्या. कागद उद्या वाळवीने खाल्ला तरी मजकूर उरतो. साडीची नकल करणे अवघड, पण पदराचे मोठे छायाचित्र, त्याखाली वीण दाखवणारा जवळून घेतलेला फोटो आणि शहापूरच्या विणकराने आज विणलेले हातभर कापड मांडले तर लोक हात लावूनही पाहू शकतील. खानापूरच्या कुंभारकामाची भांडी, गोकाकची लाकडी फळे-खेळणी अशा नव्या वस्तू गणपतीत बिनधास्त मांडाव्यात.

दसऱ्यानंतर अस्सल वस्तू मांडताना पेटीपासून सुरुवात करा. नवे प्लायवूड, ताजा ऑइलपेंट आणि फेव्हिकोल यांतून आम्लाची वाफ निघत राहते. पेटी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रंगवली की आतले शिसे पांढरे होते. पेटी तीन-चार आठवडे उघडी वाळू द्या आणि तळाला धुतलेला, कोरा मांजरपाट घाला. धुण्याचे कारण असे की नव्या मांजरपाटात खळ असते आणि ती किडीला बोलावते. 60 बाय 45 बाय 20 सेंमीच्या पेटीला ओल शोषणारे सिलिका जेल साधारण एक किलो लागते. औषधाच्या बाटलीतल्या दोन पुड्या टाकून काही साधत नाही. जेल खालच्या ट्रेमध्ये, वस्तूपासून वेगळे ठेवा. रंग बदलला की 110 ते 120 अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमधले कोबाल्ट अपायकारक असते, म्हणून नारिंगी घ्यावे. पेटीत आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. सभागृहात वातानुकूलन असेल तर एक तर अखंड चालवा, नाही तर लावूच नका. उद्घाटनाला चालू आणि पाहुणे गेले की बंद, या चढउताराने कागद रोज फुगतो आणि आकसतो.

कागद टाचणीने टोचू नये, सेलोटेप लावू नये, आणि लॅमिनेशन तर कदापि करू नये. सेलोटेपचा चिकटा कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेले प्लास्टिक धाग्याधाग्यात शिरते, ते काढता येत नाही. चारही कोपऱ्यांना आम्लविरहित कागदाचे त्रिकोणी खिसे करून त्यात पत्र अडकवा. फाटलेले जोडायचे असेल तर गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद. इथे एक धोका आहे. बुकबाइंडरांकडची खळ मोरचूद घालून केलेली असू शकते. किडीसाठी ती चांगली, पण तांब्याच्या अंशाने कागद काही वर्षांत ठिसूळ होतो. खळ विकत न आणता घरी शिजवा, ताजी वापरा.

साडी खिळ्यांवर टांगल्याने जरीचे वजन एकाच ओळीवर येते आणि रेशीम आडवे फाटते. दहा सेंमी व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीला मांजरपाट गुंडाळून त्यावर साडी, जर बाहेरच्या बाजूला ठेवून, सैल गुंडाळा आणि फक्त पदर उलगडून दाखवा. जुन्या घडीवर पुन्हा घडी घालू नका. डांबराच्या गोळ्या आणि रबरबँड जरीजवळ नकोत. रबरातल्या गंधकाने जर काळी पडते.

शस्त्रांच्या बाबतीत नुकसान बहुतेक वेळा श्रद्धेने होते, म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. पण उद्घाटनाला अस्सल तलवारीवर हळद-कुंकू वाहून पाणी शिंपडले की पात्यावर डाग पडतात, आणि नैवेद्याच्या मागे मुंग्या येतात. पूजा नारळाची, शिवप्रतिमेची करावी. तलवार पेटीतच राहू द्यावी. लिंबू, चिंच किंवा पितांबरी लावून घासल्याने पाते चकाकते, पण मुठीवरचे सोन्या-चांदीचे जडावकाम घासून जाते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसून वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर पुरे. धातूला नायट्रिलचे हातमोजे वापरा. सुती मोज्यातून घाम झिरपतो आणि वस्तू निसटते. कागदाला मात्र स्वच्छ, कोरडे उघडे हात बरे, मोज्यांनी कडा फाटतात.

कारवार, मालवण, वेंगुर्ल्याकडून आणलेले लंगर, जहाजी कंदील, समया यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या छिद्रांत समुद्राचे मीठ मुरलेले असते. श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तसेच त्यांनाही सुटते, कारण 75 टक्के आर्द्रतेवर मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. लोखंडाचे पापुद्रे निघतात, पितळ-काशावर फिकट हिरवी भुकटी येते. ही भुकटी म्हणजे साधा कळंक नव्हे, ती पसरत जाते. अशी वस्तू दुसऱ्या धातूंसोबत एका पेटीत ठेवू नका. कारवारच्या टागोर किनाऱ्यावर उभी केलेली ‘चपल’ युद्धनौका पाहताना पोलादावरचे रंगाचे थर लक्ष देऊन पाहा. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकवायचे तर रंगाचे काम कधी थांबत नाही.

पाट्यांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ‘फार प्राचीन तलवार’ या पाटीने कुणाला काहीच कळत नाही. वस्तूचे नाव, कशाची, माप, कुठल्या गावची आणि काळ कशावरून ठरवला, एवढे चार ओळींत द्या. अक्षर 24 पॉइंटच्या खाली नको. भिंतीवरच्या फलकाचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमी, आडव्या पेटीची उंची 80 ते 90, म्हणजे शाळेतली मुले आणि चाकाच्या खुर्चीतले लोकही पाहू शकतात. पाटी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असावी. कन्नड मजकूर मोबाईलच्या भाषांतराने न करता भाषा जाणणाऱ्या माणसाकडून घ्यावा. आपल्या घरातल्या कागदांत ‘वतन’, ‘कुळकर्ण’ असे शब्द येतात, त्यांचे यंत्राने केलेले रूप दोन्ही भाषांत हास्यास्पद होते, आणि त्या कागदाचा मान जातो.

वस्तू घेताना दोन प्रतींत पावती करा. वर्णन, माप, आधीचे डाग-फाटे, चार बाजूंचे फोटो, परत करण्याची तारीख, नेणाऱ्याची सही. परत देताना दोघांनी मिळून तीच पावती समोर ठेवून तपासावी. पावसात दुचाकीवर, पिशवीत गुंडाळी करून कागद नेऊ नये. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून न्यावा. 100 वर्षांवरच्या वस्तू आणि 75 वर्षांवरची हस्तलिखिते 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, आणि तलवारी मांडायच्या तर पोलिसांना आधी कळवलेले बरे.

हिवाळ्यात जागेची वाण नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा येथील साहित्य संमेलनांना हजारो लोक येतात. तिथल्या शाळेची एक कोरडी, उत्तर-दक्षिण खिडक्यांची खोली पुरेशी आहे. ऑक्टोबरातला कित्तूर उत्सवही साधारण याच काळात येतो. 26 डिसेंबरला काँग्रेस अधिवेशनाची तारीख असते, तेव्हा टिळकवाडीच्या काँग्रेस विहिरीजवळ 1924 ची अस्सल छायाचित्रे आठवडाभर दाखवता येतील. वैशाखातली शिवजयंती मात्र टाळावी. ऊन प्रखर असते आणि वळीव केव्हा येईल ते सांगता येत नाही.

प्रत्येक मंडळाने हे सारे विकत घेणे परवडणार नाही, तशी गरजही नाही. गणेशोत्सव मंडळांच्या महामंडळाने दहा काचपेट्या, पाच आर्द्रतामापक, एक लक्समीटर, 15 किलो सिलिका जेल आणि आम्लविरहित पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा एकत्र घेऊन वाचनालयात ठेवावा, आणि मंडळांनी तो नोंद करून पाळीपाळीने न्यावा. जेल तापवायला आणि खळ शिजवायला शिकवण्यासाठी आम्ही यायला तयार आहोत. यंदाच्या उत्सवासाठी कागद गोळा करणे सुरू झाले असेल, तर त्यांचे फोटो काढून घ्या आणि मूळ कागद याच आठवड्यात घरोघरी परत द्या.

आपले,
जुने कागद व वस्तू जपण्याचे काम करणारे काही कार्यकर्ते,
बेळगाव