बास गिटारची खरखर : आधी केबल, मग जॅक, मग कंट्रोल

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की सांगली-मिरजेत ऑर्केस्ट्रांच्या तालमी सुरू होतात आणि पावसाळाभर पडून राहिलेल्या बास गिटारी बाहेर निघतात. अँपला जोडताच वाद्य खरखरू लागले, की 'आतले सर्किट गेले' असा निकाल देऊन ते कोल्हापूर-पुण्याला धाडले जाते किंवा तारांचे कंपन टिपणारे धडधाकट पिकअप काढून नवे बसवले जातात. वास्तविक पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार; त्यात हलणारे असे काहीच नसते. खरखर बहुतेक वेळा येते ती जिथे धातू धातूला घासतो किंवा टेकतो तिथून, म्हणजे केबल, जॅक (वाद्यावरचे केबल खोचायचे भोक) आणि व्हॉल्यूम-टोनचे कंट्रोल यांतून.

ती नेमकी केव्हा होते, याकडे लक्ष दिले तर निम्मे निदान तिथेच होते. वाद्याला हात न लावता केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल, तर आधी खात्रीची दुसरी केबल लावून पाहावी. तरीही फरक पडला नाही तर जॅक तपासावा. जॅकमध्ये केबलच्या पिनच्या टोकाला चिकटून बसणारी वाकडी पत्ती असते. वर्षानुवर्षांच्या वापराने तिचा ताण कमी होतो आणि पिन आत सैल बसते. ही पत्ती बोटाने किंचित आत वाकवली आणि पिन टेकते ती जागा पुसून घेतली, की बऱ्याच वेळा काम भागते. जॅकचा नट ढिला झाला असेल तर मात्र तो बाहेरून नुसताच आवळू नये. त्याने आख्खा जॅक फिरतो, आतल्या वायरींना पीळ बसतो आणि डाख तुटतो, म्हणजे दुरुस्तीतूनच नवे दुखणे उभे राहते. आतून जॅक धरून मगच नट आवळावा.

कंट्रोल फिरवतानाच करकर होत असेल तर दोष कंट्रोलमध्ये आहे. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून एक टोक सरकत असते. आपल्याकडच्या दमट हवेत धूळ बसून हा संपर्क बिघडतो. कंट्रोलसाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वायरी जोडलेल्या पायांजवळच्या फटीतून थोडा मारून कंट्रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावा. गंजलेल्या बोल्टवर मारायचा स्प्रे किंवा रॉकेल इथे वापरू नये. सफाईनंतरही करकर परत आली, तर पट्टीच झिजली असे समजून कंट्रोल बदलावा, पण मूल्य पाहूनच : सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपच्या बासला बहुधा २५० किलोओहम, हंबकर (दोन वेटोळ्यांच्या) पिकअपला ५०० आणि बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह बासला अनेकदा २५.

ॲक्टिव्ह बासची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे सर्किटमधल्या खराब कपॅसिटरमधून बॅटरीचा डीसी (एकाच दिशेचा विद्युतप्रवाह) गळून कंट्रोलवर आला तर कितीही सफाई केली तरी करकर जात नाही. ९ व्होल्टची बॅटरी उतरली की सूर फाटतो, तोही अनेकांना सर्किटचाच दोष वाटतो. आणि अशा बहुतेक बासमध्ये पिन जॅकमध्ये राहिली की बॅटरी चालूच राहते, म्हणून तालीम संपल्यावर केबल काढून ठेवावी.

खरखर आणि गुणगुण यांत गल्लत होऊ नये. तारांना हात लावताच गुणगुण कमी होत असेल तर वाद्याच्या आतली अर्थिंगची जोडणी बहुधा शाबूत असते. मात्र तारांवर हात असताना माइकला ओठ लागून झटका बसला, तर वादन तत्काळ थांबवून मंडपाचे अर्थिंग व वायरिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. तिथे प्रश्न आवाजाचा नसून जिवाचा असतो.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीच्या घोडीला घासून जवारी काढणारे हात ज्या गावात आहेत, तिथे एक जॅक बदलण्यासाठी वाद्य परगावी पाठवावे लागणे पटत नाही. आयटीआयमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना डाख देणे आणि मल्टिमीटर वापरणे शिकवले जातेच. उत्सवापूर्वी एखाद्या रविवारी संस्थांनी वादकांना कार्यशाळेत बोलावून मुलांकडून ही वाद्ये तपासून घ्यावीत. सुट्या भागांचा खर्च वादक आनंदाने देतील.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली